शंभर नगांचा केक-सजावट संच: कामाचं किती, भरतीचं किती

घरात थीम पार्टी ठरली की केक घरीच सजवावा असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि सामान शोधायला बसलं की सगळ्यात आधी दिसतो तो मोठा खोका. टर्नटेबल (केक ठेवून फिरवायची थाळी), पन्नासेक नोझल (आयसिंगला आकार देणारी टोकं), आयसिंग भरायच्या पायपिंग बॅगा, आयसिंग सपाट करायचा स्क्रेपर, नोझल बॅगेला जोडणारा कपलर, कपकेकचे कागद, मापाचे चमचे, वर चमकीच्या पुड्या. एकाच साच्यातले हे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका नावाचं नाही, या प्रकारच्या संचाचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: खोक्याची खरी किंमत टर्नटेबल आणि सहा-सात नोझल यांच्यात आहे. ती धड असतील तर संच जरूर घ्यावा. नगांचा आकडा पाहून मात्र घेऊ नये.

टर्नटेबल खोक्यातून काढल्या काढल्या तपासा, परत करायची मुदत हातात असते. साधारण 28 सेंमी व्यासाची प्लास्टिकची थाळी आणि मधल्या खुंटीवर फिरणारी बैठक, अशी रचना असते. सपाट ओट्यावर ठेवा, कडेला एक पट्टी उभी धरा आणि थाळी सावकाश फिरवा. पट्टी आणि कड यांच्यातली फट पूर्ण फेरीत सारखी राहिली पाहिजे. मग थाळीच्या एका कडेवर दोन बोटांनी दाबा. समोरची कड जराशी उचलली तर चालतं, पण थाळी कटकट वाजत डुगडुगली तर खुंटी ढिली आहे. ढिल्या खुंटीचा त्रास असा की स्क्रेपर जिथे टेकतो तिथे थाळी दबते, हात काढला की ती वर येते, आणि फेरी जिथे सुरू झाली तिथेच ती संपत नाही. केकच्या अंगावर एक उभी पायरी राहते. ती घालवायला आणखी एक फेरी मारावी तर दुसरी पायरी तयार. आठ इंची, तीन थरांचा केक सजवून झाल्यावर अडीच-तीन किलोपर्यंत जातो. एवढ्या वजनाखाली हलकी बैठक ओट्यावरून सरकते. खाली ओलं फडकं किंवा रबरी जाळी अंथरली की सरकणं थांबतं. ढिली खुंटी मात्र घरी नीट होत नाही, तो संच सरळ परत करा.

थाळीवर गोल खुणा कोरलेल्या असल्या तर उत्तम. केक मधोमध बसला नाही तर एका बाजूचं आयसिंग दोन बोटं जाड आणि दुसऱ्या बाजूला आतला स्पंज दिसतो. केकचा पुठ्ठा थाळीला आयसिंगच्या ठिपक्याने चिकटवा, म्हणजे फिरवताना घसरणार नाही.

आता नोझल. संचात कितीही नोझल असली तरी बहुतेक घरांत वापरली जातात ती ठरलेलीच. केक-सजावटीचं सामान बनवणाऱ्या विल्टन कंपनीचे क्रमांक बेकिंग करणाऱ्यांच्या तोंडी बसले आहेत, म्हणून त्याच क्रमांकांनी सांगतो: 1एम हे उघडं चांदणी नोझल, कपकेकवरच्या भोवऱ्यासाठी आणि गुलाबासारख्या गोल वळशांसाठी. 2डी हे मिटलेलं, त्याचा वळसा जास्त झालरदार. 104 पाकळीचं, 352 पानाचं, 233 गवताचं किंवा केसाळ अंगाचं, 3 अक्षरं लिहायला आणि 12 ठसठशीत मण्यांना. संचातले क्रमांक या क्रमांकांशी जुळतीलच असं नाही, तेव्हा आकार डोळ्यांनी ओळखायला शिका आणि सोबतचा तक्ता फेकून देऊ नका.

दर्जा पाहायचा तर कापसाचा बोळा घ्या आणि नोझलच्या दातांवरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर तिथे धातूची कुसळ आहे. एवढीशी कुसळही आयसिंगच्या धारेत रेघ पाडते. चांदणीची एक कड फाटलेली दिसते आणि आपण उगाच आयसिंग पुन्हा फेटत बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे सांधा. स्वस्त नोझल पत्रा वळवून जोडलेली असतात आणि तो सांधा तोंडापर्यंत येतो. गोल तोंडाच्या नोझलमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, पण चांदणी आणि पाकळी या दोन्हींत सांधा तोंडाशी आला की आकार बिघडतो. पानाच्या नोझलच्या दोन्ही चोची समान लांबीच्या हव्यात. एक आखूड असेल तर पान एका बाजूला वळतं. गवताच्या नोझलला उजेडासमोर धरून सगळी भोकं आरपार आहेत का तेही बघा.

कपलर हा छोटा भाग, पण गळती इथूनच सुरू होते. आतली कुपी बॅगेत घालून कापलेल्या टोकातून तिचे एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, त्यावर नोझल आणि वरून कडं. बॅग जास्त कापली गेली तर कुपी दाबाखाली बाहेर सरकते. कमी कापली तर प्लास्टिक आट्यांत अडकतं, कडं तिरकं बसतं आणि बाजूने आयसिंग पाझरतं. 1एम, 2डी यांसारखी मोठी नोझल नेहमीच्या कपलरवर बसतच नाहीत, ती थेट बॅगेत टाकायची. त्यासाठी नोझल बॅगेत सोडून त्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर बाहेरून खूण करा, नोझल मागे ढकला आणि मग खुणेवर कापा.

संचातल्या वापरून टाकायच्या बॅगा हा सगळ्यात कच्चा दुवा. त्या पातळ असतात आणि घट्ट आयसिंग दाबलं की कडेच्या जोडावर उसवतात. बॅग निम्मी, फार तर दोन तृतीयांश भरा. आयसिंग शुगर दोनदा चाळा, कारण बारीक तोंडाच्या नोझलमध्ये एक गुठळी अडकली की सगळा दाब बॅगेवर येतो. जाड बॅगा सुट्या विकत आणाव्यात हे बरं. सिलिकॉनची बॅग धुऊन पुन्हा वापरता येते, पण तिचा जाडपणा हाताला दाब कळू देत नाही आणि तिला तुपकट थर चिकटून राहतो. मेरिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेसह फेटून केलेला फेस, करताना हाच थर घात करतो: अंड्याच्या फेसाला चरबीचा अंश लागला की फेस बसतो. मेरिंगसाठी वेगळी, कोरी बॅगच हवी.

संचाला दिलेली बरीचशी दूषणं खरं तर आयसिंगच्या खाती जायला हवीत, म्हणून इथे जरा थांबू. 250 ग्रॅम लोण्याला 500 ग्रॅम आयसिंग शुगर, 30 ते 45 मिली दूध आणि चिमूटभर मीठ हे साध्या बटरक्रीमचं प्रमाण. बारा कपकेकना प्रत्येकी 40 ग्रॅमचा वळसा दिला तर 480 ग्रॅम लागतं. बॅगेत आणि भांड्यात राहणारं धरून एवढ्या मापात काम होतं आणि थोडं उरतंही. लोणी 18 ते 20 अंशांवर असावं: बोट दाबलं की खळी पडावी, पण बोट चकाकू नये. एकटं लोणी सात-आठ मिनिटं फेटा. पिवळेपणा उतरतो, रंग खरा येतो. पाकळ्यांसाठी दूध 10-15 मिलीवर आणा, पानांसाठी उलट थोडं सैल करा. पानाचं टोक तुटतं किंवा दुभंगतं ते आयसिंग कोरडं असल्यामुळे, पाकळीची कड करवतीसारखी दातेरी येते त्याचंही कारण तेच. याउलट चांदणीच्या कडा विरघळल्यासारख्या गोल झाल्या तर आयसिंग गरम झालंय. लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहाताची ऊब जवळपास तेवढीच असते. म्हणून बॅग पूर्ण मुठीत धरू नका, वरचा पीळ अंगठ्याच्या बेचक्यात धरून तिथूनच दाबा आणि दहा मिनिटांनी बॅग थंडीत ठेवून दुसरी घ्या. खोली 28 अंशांच्या वर असेल तर निम्म्या लोण्याऐवजी वनस्पती चरबी वापरली तर आकार टिकतो, चव मात्र थोडी उतरते.

संचातली फुलांची मोठी नोझल, ज्यांना रशियन नोझल म्हणतात, खोक्यात सगळ्यात मोहात पाडतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त निराश करतात. कारण त्यांना घट्ट आयसिंग, लेप दिलेला पृष्ठभाग आणि सरळ हात, तिन्ही एकदम लागतात. नोझल केकला टेकवा, सेकंदभर दाबा म्हणजे फुलाचा पाया चिकटेल, मग दाबत दाबत सरळ वर या, दाब थांबवा आणि त्यानंतरच उचला. दाब चालू असताना उचललं तर फुलाला शेपटी येते. कोऱ्या स्पंजवर फूल चिकटत नाही, नोझलमध्येच अडकून वर येतं. पहिली दोन-तीन फुलं कागदावर काढा, बॅगेतली हवा निघून जाते.

स्क्रेपरची उंची पट्टीने मोजा. संचातले प्लास्टिकचे स्क्रेपर बरेचदा तीन थरांच्या केकपेक्षा आखूड असतात आणि मग केकच्या वरच्या भागात कमरपट्ट्यासारखी आडवी रेघ उमटते. केकपेक्षा किमान दोन सेंमी उंच असा धातूचा स्क्रेपर वेगळा घ्या, हा खर्च वसूल होतो. प्लास्टिकच्या कडेवर साच्याची धार राहिली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून धुऊन घ्या. दातेरी स्क्रेपरसाठी लेप निदान 6 ते 8 मिमी जाड हवा, नाहीतर दात स्पंजला लागून चुरा ओढतात. चुरा दिसू नये म्हणून आधी पातळ लेप देऊन केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, हे तर कुठल्याही संचात करावंच लागतं.

बाकी सामान झटपट. तारेचा केक कापणारा चौकटीचा कटर मऊ, सुक्या मेव्याविना स्पंजला ठीक. तार सैल पडली की काप तिरका जातो, लांब दातेरी सुरी जास्त भरवशाची. मापाचे चमचे आधी वजनकाट्यावर पाण्याने पडताळा: छोटा चमचा 5 ग्रॅम, मोठा 15. खाण्याच्या सोड्याच्या बाबतीत इथली चूक केकच्या चवीत लगेच कळते. कपकेकच्या पातळ कागदांतून तेल पाझरतं आणि ते बाजूने सुटतात. चमकीच्या पुडीवर ‘खाण्यायोग्य’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती केकवर टाकूच नका. ‘विषारी नाही’ याचा अर्थ खाता येते असा होत नाही.

थीमचं म्हणाल तर संच इथे खरोखर उपयोगी पडतो, फक्त एका केकवर तीनपेक्षा जास्त नोझल वापरू नका. जंगलाच्या थीमला 233, 352 आणि 3 पुरतात. बागेला 104, 352 आणि 12. समुद्रासाठी 1एम एकटं पुरतं: निळ्याच्या तीन छटा प्लास्टिकच्या पातळ कागदावर शेजारी शेजारी पट्ट्यांत पसरायच्या, गुंडाळी करून बॅगेत सरकवायची, की प्रत्येक वळशात लाट दिसते.

केक कपड्यांच्या रंगाशी जुळवायचा असेल तर कापडाचा तुकडा वाटीशेजारी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग फोटोत वेगळाच निघतो. जेल रंग सुईच्या टोकाने घाला, पातळ रंगाने आयसिंग सैल होतं आणि फाटतं. हवी त्यापेक्षा एक छटा फिकी असतानाच थांबा, कारण रात्रभरात रंग गडद होतो. लाल आणि काळा आदल्या दिवशीच करावा. काळ्यासाठी कोकोच्या तपकिरी आयसिंगपासून सुरुवात केली तर रंग खूप कमी लागतो आणि कडवटपणा येत नाही. निळा हिरवट दिसू लागला तर तो लोण्याचा पिवळेपणा असतो. जांभळ्याचा अगदी कणभर अंश घातला की निळा निळा राहतो. गुलाबी आणि जांभळा उजेडात फिका पडतो, तेव्हा केक पार्टीच्या वेळेपर्यंत झाकून ठेवा.

धुताना नोझल आधी गरम साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग बारीक ब्रश आतून बाहेर फिरवा. बाहेरून सुई खुपसू नका, तोंड वाकतं. डिशवॉशरमध्ये नोझल एकमेकांवर आपटून पाकळीची बारीक फट दबते. गंज चढतो तो बहुतेकदा सांध्यात राहिलेल्या पाण्यामुळे, म्हणून बंद करून कोमट झालेल्या ओव्हनमध्ये ताटलीवर पालथी ठेवून पूर्ण कोरडी करा आणि मगच डब्यात भरा.