आर्क फ्लॅश स्टडीचा ऑनलाइन कोर्स : आठ महिन्यांनंतर, लोटे एमआयडीसीतून

लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. पॅनेलमध्ये शॉर्ट सर्किट होऊन हवेतून उसळणारा विजेचा जाळ म्हणजे आर्क फ्लॅश, आणि तो समोरच्या माणसाला किती भाजेल याचं गणित म्हणजे आर्क फ्लॅश स्टडी. एप्रिलमध्ये त्याचा हा कोर्स घेतला, जूनमध्ये संपवला. त्याची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात आमच्याच सबस्टेशनचा स्टडी करायला घेतल्यावर झाली.

गणिताचा भाग उत्तम शिकवलाय. आयट्रिपलई १५८४ या, हे गणित कसं करायचं ते सांगणाऱ्या मानकाची २०१८ ची आवृत्ती, २०८ व्होल्ट ते १५ केव्हीपर्यंतची तिची मर्यादा, बसबार (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) उभे की आडवे, बंद पॅनेलमध्ये की उघड्यावर, त्यानुसार बदलणारी समीकरणं, हे सगळं आधी एक्सेलमध्ये करून घेतात, सॉफ्टवेअर नंतर. त्यामुळे आकडा चुकला की खटकतो. आमचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पिडन्स (करंटला होणारा आतला अडथळा), ४३३ व्होल्ट. फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये वाहणारा करंट, जास्तीत जास्त २६.७ किलोअँपिअर. सॉफ्टवेअरने याहून मोठा आकडा दाखवला तेव्हा इम्पिडन्स भरताना झालेली चूक लगेच सापडली.

माझा एक जुना समज या कोर्सने मोडला. करंट जास्त तिथे धोका जास्त, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. पण भाजतं ते करंट आणि वेळ दोन्ही मिळून. आमच्याकडे पावसात लाइन गेली की प्लांट डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर येतो. ५०० केव्हीएचा डीजी फॉल्टला सुरुवातीला पाच-सहा किलोअँपिअर देतो, आर्कमध्ये त्याहूनही कमी. इनकमरचं, म्हणजे पॅनेलच्या मुख्य ब्रेकरचं इन्स्टंटेनियस सेटिंग (ज्या करंटला तो क्षणात उडतो) १० किलोअँपिअर. म्हणजे महावितरणच्या सप्लायवर क्षणात उडणारा ब्रेकर डीजीवर नुसता बघत राहणार, आणि समोरचा माणूस तेवढा वेळ आर्कसमोर. स्टडीत डीजीवरची इन्सिडंट एनर्जी, म्हणजे समोरच्या माणसापर्यंत पोचणारी उष्णता, जास्त निघाली तेव्हा मी हादरलो. त्याच पॅनेलवर आमची पोरं भर पावसात रात्री काम करतात. १.२ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर एवढी एनर्जी उघड्या कातडीला दुसऱ्या दर्जाचं भाजण्याच्या उंबरठ्यावर नेते. आम्ही डीजी ब्रेकरचं शॉर्ट-टाइम सेटिंग (थोडा वेळ थांबून ज्या करंटला तो उडतो) खाली आणलं आणि दोन्ही सप्लायवरचा स्टडी पुन्हा केला. पॅनेलवरच्या धोक्याच्या लेबलवर दोन्हींतला मोठा आकडा लावला.

तक्रार एकच, पण मोठी. डेटा गोळा करण्याला कोर्सने जेमतेम एक व्हिडिओ दिलाय. प्रत्यक्षात माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला. सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे प्लांटच्या वीजजोडणीचा नकाशा, हातात घेऊन निघालो, तर आमचे जुने वायरमन म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगवर जाऊ नका, हा रिले मागल्या पावसाळ्यात बदललाय." रिले म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला उडायला सांगणारं उपकरण. खरंच बदलला होता, आणि सेटिंगची नोंद कुठेच नव्हती. केबलची लांबीसुद्धा पायी मोजली. शटडाउन घेऊन, लॉक लावून, सप्लाय नसल्याची खात्री करूनच पॅनेल उघडायचं, हेही कोर्समध्ये ठासून सांगायला हवं होतं.

उदाहरणं बहुतेक ४८० व्होल्टची आहेत. थोडं डोकं लावलं की ४१५ वर जमतं. इथल्या खाऱ्या, दमट हवेत ब्रेकरची मेकॅनिझम अडकते, ग्रीस घट्ट होतं. स्टडी मात्र ब्रेकर वेळेवर उघडेल असं गृहीत धरतो. हा मुद्दा कोर्समध्ये नाहीच. आमच्या एलटी (लो टेन्शन, म्हणजे ४१५ व्होल्टच्या) ब्रेकरांचं, ते किती वेळात उघडतात याचं टायमिंग टेस्टिंग जानेवारीच्या शटडाउनला ठेवलंय. ज्यांचा वेळ बसणार नाही त्यांचे आकडे पुन्हा काढणार आहे.