अंगठीचं काम बिघडलं तर: तोच सराफ, बदली, बाहेरचा कारागीर की ग्राहक आयोग?

बहिणीच्या साखरपुड्याला अठरा दिवस झाले होते. कणीक तिंबून हात धुताना तिला दिसलं, की अंगठीतल्या सात खड्यांपैकी एक जागेवर नाही. सगळी मोरी शोधली, कणकेचा गोळा फोडून पाहिला. खडा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगठी घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जिथे ती घेतली होती त्या दुकानात गेलो. "धक्का लागला असेल ताईंना, बसवून देतो," म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. मी पावती मागितली नाही, वजन करून घेतलं नाही. चार दिवसांनी अंगठी परत आली आणि तीन आठवड्यांत दुसरा खडा हलायला लागला. तेव्हा घरच्या काट्यावर नाही, तर दुसऱ्या सराफाकडे वजन केलं. बिलावरच्या वजनापेक्षा ते ९० मिलिग्रॅम कमी भरलं. हे वजन पडलेल्या खड्याचं, घासकामाचं की आणखी कशाचं, हे सांगायला माझ्याकडे एक कागदही नव्हता.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी चारही वाटांची चौकशी केली. काही वाटांवर थोडा चाललोही. ज्यांच्या हातात आत्ता अशी अंगठी आहे, त्यांना निवड करता यावी म्हणून हे लिहितोय.

आधी दोष ओळखा, मग वाट निवडा

खडा सैल होणं किंवा पडणं हा जडकामाचा, म्हणजे खडे बसवण्याच्या कामाचा दोष. नखीच्या, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या बारीक आकड्याच्या, आतल्या बाजूला खड्याच्या कंगोऱ्याला बसेल अशी खाच कोरावी लागते आणि मग नखी त्यावर वळवतात. घाईत काम झालं की खाच उथळ राहते. नखी खड्यावर नुसती टेकलेली असते, धरलेली नसते. दहापट भिंगातून हे साध्या माणसालाही दिसतं: नखी आणि खडा यांच्यामधून उजेड येतो. असा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो.

अंगठीच्या कडीचा दोष वेगळा. कडी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर रोजच्या वापरात ती वाकते, आणि कडी वाकली की वरचे खडेही सैल होतात. २२ कॅरेटचं सोनं मऊ असल्यामुळे नाजूक नख्यांच्या अंगठीला ते मुळातच फारसं योग्य नाही. हिऱ्याच्या अंगठ्या १८ कॅरेटमध्ये घडवतात त्या याचसाठी. साच्यातून ओतलेल्या अंगठीत कधी कधी सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. पॉलिशखाली ती काही काळ झाकली जातात. एका ठिकाणी डाख देऊन, म्हणजे आचेवर धातू वितळवून, बुजवलं तरी शेजारी दुसरं उघडं पडतं. अशा अंगठीला दुरुस्ती लावून घेऊ नका, ती नव्याने घडवूनच मिळायला हवी.

तिसरा दोष सोन्याच्या कसाचा, म्हणजे शुद्धतेचा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची वाट सर्वस्वी निराळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

सराफाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा वर्ष-दोन वर्षांत उतरणं, २२ कॅरेटवर ओरखडे उठणं, हे दोष नव्हेत. त्यासाठी भांडू नका.

तोच सराफ की बाहेरचा कारागीर?

बहुतेकांचा जीव इथेच अडकतो. ज्याने एकदा काम बिघडवलं त्याच्याच हातात परत अंगठी द्यायची? मलाही तसंच वाटलं होतं. ओळखीच्या एका कारागिराने भिंगातून बघून सातशे रुपयांत सगळ्या नख्या पक्क्या करून देतो म्हणून सांगितलं. तो समोर बसून काम करतो, खडा आपल्या नजरेआड होत नाही, तासाभरात अंगठी बोटात. वेळ, मनस्ताप आणि कौशल्य या तिन्ही बाबतींत बाहेरचा कारागीर उजवा ठरतो.

मग मी तिथे काम का करून घेतलं नाही? कारण दुसऱ्या कारागिराची कानस फिरली, की मूळ दुकानाची जबाबदारी त्याच क्षणी पुसट होते. "बाहेर हात लागलाय" हे एक वाक्य त्यांना पुरतं. पुढे कडी तडकली, आणखी खडा पडला, तर मूळ दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. दोषाचा पुरावा अंगठीतच असतो आणि दुरुस्ती म्हणजे तो पुरावा घासून काढणं. म्हणून माझं मत असं: अंगठी जुनी आहे, बिल हरवलंय, दोष एखाद्या नखीपुरता आहे, किंवा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायचीच नाही असं ठरलंय, तरच बाहेर जा. नवी अंगठी असेल तर कारागिराला फक्त दाखवा. भिंगाला मोबाइल लावून दोषाचे फोटो घ्या आणि अंगठी तशीच परत आणा.

खडा कोणता आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. डाख देताना लागणारी आच हिरा आणि नीलम बऱ्यापैकी सोसतात. पाचू, मोती आणि ओपल सोसत नाहीत. भेगांत काच भरलेलं माणिक तर आचेने आणि सफाईच्या आम्लाने बिघडतं. असे खडे काढून ठेवूनच काम करावं लागतं आणि काढताना फुटण्याचा धोका असतो. फुटला तर भरपाई कुणाची, हे अंगठी देण्याआधी विचारा. बाहेरचा कारागीर हा धोका क्वचितच अंगावर घेतो. दोष मूळ दुकानाचा असेल तर हा धोका त्यांनीच घ्यायला हवा.

त्याच सराफाकडे द्यायचं ठरलं, तर पहिल्या वेळी मी जे केलं नाही ते सगळं करा. समोर वजन करायला लावा. सराफी काटा तीन दशांशांपर्यंत वजन दाखवतो. तो आकडा, खड्यांची संख्या, अंगठीवरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कसोबत प्रत्येक दागिन्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक), दोषाचं एका ओळीत वर्णन आणि परत देण्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. खाली दुकानाचा शिक्का. हिऱ्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांकही टाका. दोषाच्या वर्णनावर दुकानदार थोडे घुटमळतात. "रिपेअर" एवढाच शब्द लिहून देतात. तेवढ्यावर थांबू नका. "सात खड्यांपैकी एक सैल, विक्रीपासून ३९ दिवसांत दुसऱ्यांदा" असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या प्रत्येक बोलण्यात तुमची बाजू त्या कागदावर उभी राहते.

बदली आणि एक्स्चेंज यांत हजारोंचा फरक

"ताई, आवडत नसेल तर एक्स्चेंज करून टाका, दुसरी छान डिझाइन दाखवतो." हे बोलणं गोड वाटतं आणि दुकानदाराचा हेतू वाईट असतो असंही नाही. पण याने तुमची तक्रार संपते आणि एक नवी विक्री सुरू होते.

हिशेब मांडून बघा. सोपं पडावं म्हणून भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरू आणि खडे बाजूला ठेवू. चार ग्रॅमच्या अंगठीचं सोनं ३६,००० रुपयांचं. घडणावळ १५ टक्के, म्हणजे ५,४००. एकूण ४१,४०० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी, १,२४२. तुम्ही मोजले ४२,६४२. एक्स्चेंजमध्ये दुकानाने अगदी उदारपणे सोन्याचा पूर्ण भाव दिला तरी हातात ३६,००० येतात. तशीच दुसरी अंगठी घ्यायची तर घडणावळ पुन्हा, जीएसटी पुन्हा, म्हणजे ६,६४२ रुपये वर. ज्या घडणीत दोष होता, तिचीच घडणावळ दोनदा. बारीक खड्यांचे पैसे तर मोडीच्या हिशेबात बरेचदा धरलेच जात नाहीत.

सदोष वस्तूची बदली म्हणजे तशीच अंगठी, नवी घडणावळ नाही. वजनात फरक पडला तर तेवढ्याच सोन्याचे पैसे द्यायचे किंवा घ्यायचे. काउंटरवर हाच शब्द वापरा: "मला एक्स्चेंज नको, सदोष मालाची बदली हवी." पहिल्याच वाक्यात हे स्पष्ट झालं की पुढचं बोलणं वेगळ्या वळणाने जातं.

पैसे परत घेणं या दोहोंपेक्षा सरस वाटतं, पण सोनं चढतं असताना तसं नसतं. परतावा मिळतो तो बिलाच्या रकमेचा. महिन्या-दोन महिन्यांत भाव वर गेला असेल तर त्या पैशांत आता तेवढं सोनं येणार नाही. चढत्या बाजारात बदली घ्या. भाव उतरला असेल, किंवा दुकानाच्या कामावरचा विश्वासच उडाला असेल, तर परतावा मागा.

बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असतं. ते वाचून पुष्कळ जण मुकाट परत फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलीच नसेल तर ३० दिवसांत. म्हणून पहिली लेखी तक्रार ३० दिवसांच्या आत जाऊ द्या, दुरुस्ती चालू असली तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी तारीख राहते. अंगठी ऑर्डर देऊन घडवलेली होती म्हणून दोषाची जबाबदारी टळत नाही. माप तुम्ही सांगितलं असेल, पण नखी तुम्ही कोरली नव्हती.

हॉलमार्क इथे किती कामाचा?

जडकामाच्या तक्रारीत जवळजवळ शून्य. ही गल्लत मी खूप ऐकली: "हॉलमार्क आहे म्हणजे काम चांगलं असणार." हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. घडणीबद्दल तो काही बोलत नाही.

कसाबद्दल शंका असेल तर मात्र हीच सर्वांत स्वस्त वाट आहे. आधी हॉलमार्कची व्यवस्था पाहणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर अ‍ॅपवर एचयूआयडी टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क कुठे झाला आणि तो करून घेणाऱ्या सराफाचा नोंदणी क्रमांक दिसतो. अ‍ॅपवर कानातलं दिसतंय आणि हातात अंगठी आहे, तर प्रश्न गंभीर. मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहकाला थोडक्या शुल्कात दागिना तपासून मिळतो. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर विकलेल्या वजनावर शुद्धतेत जितकी तूट असेल तिच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च, अशी तरतूद आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, हे नाजूक अंगठ्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हेल्पलाइन आणि आयोग

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रार दुकानाकडे पोहोचवली जाते, पण तिथून बंधनकारक आदेश निघत नाही. मोठ्या साखळीच्या दुकानावर याचा दाब पडतो. पेठेतल्या छोट्या सराफावर फारसा नाही. त्याच्या बाबतीत समोर बसून, पावती पुढे ठेवून बोलणं जास्त उपयोगी पडतं.

जिल्हा ग्राहक आयोगाचा आदेश बंधनकारक असतो. दोष काढून देणं, बदली, परतावा, वर नुकसानभरपाई, असं काहीही आयोग देऊ शकतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अंगठी कुठेही घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात राहून कोल्हापूरच्या अंगठीसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. कायद्याची अपेक्षा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. आणि तेवढा काळ अंगठी दुरुस्त करता येणार नाही, कारण तीच पुरावा.

म्हणून एका सैल नखीसाठी मी आयोगाची वाट सुचवणार नाही. लाखाची हिऱ्याची अंगठी, छिद्रांनी भरलेली कडी आणि हात वर करणारा दुकानदार, असं एकत्र आलं तर बेलाशक जा.

कच्च्या चिठ्ठीवर घेतलं असेल तर या सगळ्या वाटा अरुंद होतात. बिल न देणं ही दुकानाची चूक आहेच, पण खरेदी सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. यूपीआयची नोंद, ऑर्डरचे मेसेज, एचयूआयडी, मिळेल ते गोळा करा.

आम्ही शेवटी त्याच दुकानात परत गेलो. या वेळी हातात भिंगाखालचे फोटो होते आणि एक पानाचं पत्र: दोष काय, कधीपासून, काय हवंय, आणि १५ दिवसांची मुदत. आवाज चढवला नाही. मालकांनी फोटो बराच वेळ पाहिले आणि जडकाम करणाऱ्या कारागिराला बोलावून घेतलं. तो आला, त्याने भिंग लावलं आणि स्वतःच म्हणाला, "खाच घेतलेलीच नाही." अंगठीचा वरचा सगळा भाग नव्याने घडवून द्यायचं ठरलं, विनामोबदला. ४० दिवस लागले.

परत घेताना काउंटरवरून हललो नाही. बहिणीने अंगठी कानाशी धरून टिचकी मारली. खडा सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते. मग कापसाचा धागा सगळ्या नख्यांवरून ओढला, तो कुठे अडकतो का बघायला. एका नखीवर अडकला. कारागिराने तिथेच उभ्या उभ्या ती घासून दिली. नवं वजन पावतीवर लिहून घेतलं, शिक्का घेतला, आणि मग तिने अंगठी बोटात घातली.