दोन फटींचं किट: लेझर झकास, माहितीपत्रक बाद

अमळनेरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यासाठी जळगावातून हे ‘क्वांटम किट’ आणलं. लाल लेझर, दोन फटींची पट्टी, पोलरायझरचे (प्रकाशलहरींना एकाच दिशेत डोलू देणाऱ्या फिल्मचे) तीन तुकडे. पट्टी नेमकी आहे: फटींमध्ये पाव मिलिमीटर, लेझर ६५० नॅनोमीटरचा, भिंत ४ मीटरवर, उजेड-अंधाराचे पट्टे गणिताप्रमाणे सेंटिमीटरभर अंतराने पडले.

माहितीपत्रकात मात्र ‘बघणाऱ्याच्या नजरेने वास्तव बदलते’! ते वाचून एकाने विचारलंच, “सर, आपण नही देखं ते चांद शे का नही?” आइनस्टाइनलाही हाच प्रश्न छळत होता म्हणा. उत्तर किटमध्येच आहे. दोन फटींवर काटकोनात पोलरायझर लावा, पट्टे गायब. खोलीत कुणी नसताना मोबाइलने फोटो काढा, तरी गायबच. प्रकाश कुठल्या फटीतून आला याची खूण राहिली, एवढं पुरतं. बघणारा लागत नाही. तिसरा तुकडा पुढे ४५ अंशांत धरला की ती खूण पुसते, पट्टे परत. एवढ्यासाठीच पैसे वसूल. चंद्रावर तर सतत सूर्यप्रकाश आदळतोय, त्यातच त्याची खूण राहते, त्याला आपली काय गरज! अनेक शक्यतांतून एकच निकाल का दिसतो, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे.

आणि लेझरचे हे पट्टे साध्या तरंगांनीही समजतात. खरी गंमत एकेका कणाची: १९८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ तोनोमुरा यांच्या गटाने इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, पडद्यावर ठिपके आधी खळ्यात सांडलेल्या ज्वारीसारखे, मग हळूहळू पट्टे. ते इथे दिसणार नाही.

पाचपैकी साडेतीन. सेल वेगळे घ्यावे लागतात.