लेझर डॉपलर की लेझर स्पेकल? उंदराच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजताना

दोन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय. डॉपलर म्हणजे कवटीला टेकवायचं प्रोब, ते एकाच ठिकाणचा प्रवाह मोजतं; स्पेकल म्हणजे वरून लेझर पाडून कॅमेऱ्याने घेतलेलं प्रवाहाचं चित्र. मेंदूच्या वरच्या थरातलाच प्रवाह हवाय असं धरतो, खोलवरचं बघायचं असेल तर दोन्ही सोडा आणि एमआरआयवाल्यांना गाठा.

डॉपलरचं प्रोब टेकवलं की आकडा सुरू, फार डोकं लावावं लागत नाही. आणि एका कामात त्याला खरंच तोड नाही. स्ट्रोक घडवायला मानेतून फिलामेंट (बारीक धागा) सरकवून एमसीए (मेंदूची एक मोठी धमनी) बंद करता तेव्हा उंदीर पाठीवर असतो, मग कॅमेऱ्याला डोकं दिसणार कुठून? तिथे कवटीला चिकटवलेलं प्रोबच उपयोगी, आकडा धाडकन पडला की समजायचं फिलामेंट जागेवर बसलं.

मी वैतागलो ते प्रोब पुन्हा लावताना. आज बेसलाइन घेतली, तीन दिवसांनी तोच उंदीर, कवटीवर तीच खूण, तरी प्रोब केसभर सरकलं आणि खाली जाडशी शीर आली की आकडा कुठल्या कुठे, मग हे औषधाने वाढलं का माझ्या हाताने हेच कळेना. प्रोब बघतं जेमतेम घन मिलिमीटरभर, त्यात केसभरही खूप झालं. एक अख्खा ग्रुप मी याच शंकेपायी बाजूला ठेवलाय.

स्पेकलमध्ये सगळा पृष्ठभाग एकदम दिसतो, शिरा हीच खूण, आणि कुठला भाग मोजायचा ते नंतर निवांत बसून ठरवता येतं. स्प्रेडिंग डीपोलरायझेशनची (पेशींचं विद्युत काम तात्पुरतं ठप्प करत मेंदूभर पसरणारी) लाट मिनिटाला २ ते ५ मिमी सरकते, डॉपलरमध्ये तिचा नुसता उंचवटा येतो, इथे ती कुठून आली नि कुठे गेली हे डोळ्यांनी दिसतं, पहिल्यांदा बघितली तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवायचंच विसरलो.

स्पेकलचेही नखरे आहेत हं. आकडे सापेक्षच (तसे डॉपलरचेही), आणि न हलणाऱ्या हाडातून येणाऱ्या प्रकाशामुळे प्रवाह खराहून कमी दिसतो. सलाइन वाळून हाड पांढरं पडलं की चित्र बिघडतं, मी मिनरल ऑइलचा थेंब टाकतो. वेगवेगळ्या दिवसांची तुलना करताना त्याच उंदराची दुसरी बाजू सोबत धरतो. आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) दोन्हीकडे सारखंच छळतं, ते स्वतःच रक्तवाहिन्या रुंदावतं, तेव्हा टक्केवारी रोज तीच ठेवा.

नुसतं फिलामेंटचं काम असेल तर डॉपलर पुरे, उगाच खर्च कशाला. पण तोच उंदीर पुन्हापुन्हा बघणार असाल तर मी तरी कॅमेराच घेईन, आमच्याकडे डॉपलरचं प्रोब हल्ली फक्त एमसीएच्या दिवशी बाहेर निघतं.