आमच्या मसाल्याचे नाव दुसऱ्याच्या नावावर

कराडजवळच्या आमच्या गावात सासूबाईंनी 2012 साली कांदा-लसूण मसाला विकायला सुरुवात केली, तेव्हा पाकिटात हाताने नाव लिहिलेली चिठ्ठी घालत असू. 2015 मध्ये पाउच छापण्यासाठी नाव आणि लोगो कोरलेले छपाईचे सिलिंडर करून घेतले आणि छापील पाउच आले. ते नाव आणि तो लोगो आज ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदवहीत आमच्या पुण्याच्या जुन्या वितरकाच्या नावावर आहेत. प्रकरण चालू असल्यामुळे आमचे किंवा त्यांचे नाव येथे लिहीत नाही. परंतु घरगुती उद्योग करणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर सांगते.

हे वितरक 2018 पासून आमचा माल घेत होते. 2021 मध्ये ते स्वतःहून म्हणाले, "वहिनी, नावाचा ट्रेडमार्क करून घेऊ. माझ्या ओळखीचा माणूस आहे, तुम्ही फक्त लोगो पाठवा." आम्ही लोगो पाठवला आणि 12,000 रुपये बँकेतून भरले. आठवड्याभरात त्यांनी मोबाइलवर पावतीचा फोटो धाडला. त्यात अर्ज क्रमांक स्पष्ट दिसत होता, मात्र अर्जदाराचे नाव असलेला वरचा भाग कापलेला होता. क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले, असे समजून आम्ही तो फोटो फाइलला लावून टाकला.

त्या वेळी ज्या गोष्टी खटकायला हव्या होत्या, त्या आज एकेक करून आठवतात. व्यक्ती किंवा लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क मालाच्या एका वर्गासाठी (प्रकारासाठी) 4,500 रुपये असते. मसाले वर्ग 30 मध्ये येतात आणि आमचा मसाल्याखेरीज दुसरा माल नव्हता, त्यामुळे एकच वर्ग पुरेसा होता. लहान उद्योग म्हणून ही सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, जोडावे लागते. ते आमच्याकडे कोणी मागितले नाही. वकील किंवा एजंट आपल्या वतीने अर्ज करणार असेल, तर त्याला आपण सही करून अधिकारपत्र द्यावे लागते. आमच्यापैकी कोणाचीही सही कोणत्याही कागदावर घेतली गेली नव्हती.

शिवाय आमच्या मनात एक मोठा गैरसमज होता. अन्न परवान्यावर, जीएसटीच्या नोंदणीवर आणि उद्यम प्रमाणपत्रावर आमचे नाव आहे, तेव्हा ते नाव आमचेच, असे आम्ही धरून चाललो होतो. यांपैकी एकाही कागदाने ब्रँडच्या नावावर हक्क मिळत नाही.

2023 मध्ये थकबाकीवरून वितरकांशी व्यवहार तुटला. पुढच्या वर्षी आम्ही एका संकेतस्थळावरून ऑनलाइन विक्री सुरू केली आणि दोन महिन्यांत आमची सगळी उत्पादने त्या संकेतस्थळावरून उतरवली गेली, कारण ट्रेडमार्कच्या मालकाने तक्रार केली होती. फाइलमधला तोच अर्ज क्रमांक मी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर घातला, तेव्हा मालकाच्या रकान्यात त्यांचे नाव दिसले आणि हातपाय गळून गेले. हा शोध कोणालाही विनाशुल्क घेता येतो. 2021 मध्ये पाच मिनिटे काढून तो घेतला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

स्वीकारलेला अर्ज दर आठवड्याला निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत कोणालाही विरोध नोंदवता येतो. हा अर्ज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला होता. आम्हाला पत्ताच नसल्यामुळे ती मुदत निघून गेली आणि आता ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 57 खाली नोंदणी रद्द करून घेण्यासाठी अर्ज करावा लागला आहे.

आमची बाजू लंगडी नाही, असे वकील सांगतात. त्याच कायद्याच्या कलम 34 नुसार, दुसऱ्याच्या वापराच्या किंवा नोंदणीच्या आधीपासून जो तेच चिन्ह सतत वापरत आला आहे, त्याला नोंदणीचा मालक रोखू शकत नाही. मात्र हा आधीचा वापर आपल्यालाच सिद्ध करावा लागतो. म्हणून 2015 चे सिलिंडरचे बिल, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या आणि किराणा दुकानदारांची जुनी बिले शोधण्यात आमचा संपूर्ण उन्हाळा गेला. वितरकांनी स्वतःच्या अर्जात चिन्ह "वापरायचे आहे" असे लिहिले आहे. 2021 पर्यंत आपण ते वापरत नव्हतो, हे त्यांनीच त्यातून मान्य केले आहे.

सर्वांत भक्कम पुरावा सासूबाईंच्या नजरेस पडला. आमच्या पहिल्या छपाईत नावातल्या एका अक्षराचा उकार तुटका छापला गेला होता आणि 2019 मध्ये नवे सिलिंडर करताना आम्ही तो नीट केला. वितरकांच्या अर्जातल्या चित्रात तो उकार तुटकाच आहे. सासूबाईंनी डब्याच्या तळाशी जपून ठेवलेले 2016 चे पाकीट काढून संगणकाच्या पडद्याशेजारी धरले आणि त्या तुटक्या उकारावर बोट ठेवले.

आणखी एक त्रुटी आम्ही वेळेत भरून काढली. लोगो गावातल्याच एका मुलाने पैसे घेऊन काढून दिला होता. असे चित्र मोबदला देऊन करून घेतले, तरी लेखी हस्तांतरण नसेल तर त्याचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याकडेच राहतो. त्याने आनंदाने सही करून दिली, आणि तो करारही आता आमच्या पुराव्यांत जोडला आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. तोवर मसाला ओळखीच्या दुकानांतून जुन्याच नावाने जात आहे आणि प्रत्येक बिलाची प्रत आम्ही वेगळ्या फाइलला लावत आहोत.