होम असिस्टंट: उन्हाळाभर वापरल्यावर, आणि रात्री आपोआप चालू होणाऱ्या मोटारीचं प्रकरण

होम असिस्टंट म्हणजे घरातले दिवे, मोटार मोबाईलवरून आणि आपोआप चालवायचं सॉफ्टवेअर. दिवाळीच्या आसपास बसवलं, लातूरचा अख्खा उन्हाळा काढला त्याच्यावर, आता लिहायला हरकत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, खोल्यांत टास्मोटा (स्विचच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकलेले वायफाय स्विच, वरच्या टाकीत फ्लोट (टाकी भरलेली नसली की 'ऑन' दाखवणारा तरंगता स्विच) आणि खाली हौदाच्या मोटारीला रिले (इशाऱ्यावर चालू-बंद होणारा छोटा स्विच). मोटार थेट रिलेवर नाही बरं का, मधी कॉन्टॅक्टर म्हणजे जड करंट झेपणारा मोठा स्विच आहे, कारण एक एचपीची मोटार चालू होताना जो करंट ओढती तो त्या छोट्या रिलेला झेपत नाही, आतले पॉइंट चिकटले की मोबाईलवर बंद दिसतंय आणि मोटार खाली चालूच.

घेतलं पाण्यासाठीच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे, टाकी सांडली की गल्लीत काय काय ऐकून घ्यावं लागतं ते इथल्यालाच माहिती. त्या बाबतीत पैसे वसूल.

पण मधी लई डोक्याला ताप झाला. हौदातलं पाणी संपलं म्हणून झोपताना मोटार हातानं बंद करायची आणि रात्री कधीतरी ती आपोआप चालू, कोरडीच घुंगावत बसायची. आई म्हणे काढून टाक ते खूळ, दाजी म्हणे वायफाय हॅक झालंय, पासवर्ड बदल. पासवर्ड बदलून काय होणार होतं! होम असिस्टंटचं लॉगबुक उघडलं तर त्यात प्रत्येक गोष्ट कशामुळं झाली ते येतं, माणसानं केली तर माणसाचं नाव, ऑटोमेशननं (आपणच घालून दिलेल्या, आपोआप चालणाऱ्या नियमानं) केली तर ऑटोमेशनचं. मोटारीपुढं आमचंच 'टाकी भर' ऑटोमेशन. मग ट्रेस, म्हणजे ऑटोमेशन कशावरून आणि कसं चाललं त्याची नोंद, बघावा तर ते प्रत्येक ऑटोमेशनचे शेवटचे पाचच जपून ठेवतं, दिवसभरात ते चालत राहिलं की रात्रीचा गेलाच. यॅमलमधी (सेटिंगच्या फाईलमधी) स्टोअर्ड ट्रेसेस २० केले तेव्हा कुठं सापडलं.

झालं असं की पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर, फ्लोटचा बोर्ड मात्र साध्या लाईनवर. लाईट गेली की फ्लोट 'अनअव्हेलेबल', आली की परत 'ऑन', कारण टाकी अर्धवटच होती. आणि ऑटोमेशनच्या ट्रिगरला (ते कशावरून सुरू व्हायचं त्या अटीला) एवढंच सांगितलेलं की फ्लोट ऑन झाला की मोटार लाव, तो आधी ऑफ होता का गायब होता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. ट्रिगरमधी 'नॉट फ्रॉम' म्हणून अनअव्हेलेबल आणि अननोन टाकलं, म्हणजे तिथून ऑन झाला तर धरायचं नाही, बोर्डाचं ॲडॅप्टर इन्व्हर्टरवर घेतलं, तेव्हापासून रात्री मोटार गप आहे.

त्याच नादात अजून एक दिसलं. रोज पहाटे ४:१२ ला प्रोसेसरचा ग्राफ वर उडतो, एसएसडीचा दिवा फडफडतो. मला वाटलं आता हे काय नवीन, तर ते होम असिस्टंटचं रोजचं झाडलोटीचं काम आहे, १० दिवसांपेक्षा जुना डेटा त्या टायमाला उडवतो, आणि एक आड एक रविवारी त्यानंतर सगळा डेटाबेस दाबून बसवतो म्हणून त्या दिवशी जास्त वेळ चालतं. त्याला हात लावू नका. त्यापेक्षा जो स्मार्ट प्लग सेकंदा-सेकंदाला व्होल्टेज लिहित बसतो त्याला रेकॉर्डरमधून (डेटा साठवणाऱ्या भागातून) वगळा, एसडी कार्डवर चालवत असाल तर हे आधी करा, कार्डं अशा लिहिण्यानंच मरतात.

आणि टास्मोटावाल्यांनो, सेटऑप्शन६५ ही सेटिंग बघून घ्या. सात वेळा पटापट लाईट गेली-आली की तो स्विच सगळं विसरून कोरा होतो, वायफायसुद्धा. सोय म्हणून दिलीय, पण ज्यानं दिली त्यानं वळवाच्या पावसातली आपली लाईट बघितलेली नाही. हॉलमधला एक स्विच तसाच गेला, वादळ सुटलं होतं, लाईट नुसती डोळे मिचकावत होती. ते १ केलं की हे बंद होतं, फक्त मग कधी खरंच रिसेट करायचा झाला तर स्विच खोलून बटन दाबावं लागंल.

ज्याला असलं खोदत बसायची आवड नाही त्यानं टाकीसाठी साधा लेव्हल कंट्रोलर घ्यावा, स्वस्तात काम होतं. मला आवड आहे, मी काढणार नाही. भिंतीवरची बटनं मात्र ठेवलीत, आई त्यांनाच हात लावती. हौदात दुसरा फ्लोट टाकायचा राहिलाय, पाणी नसलं तर कुणीही लावली तरी मोटार लागूच नये म्हणून, ते आता पावसाळ्याच्या आत.