दोरीची म्होरकी आणि लांब दोर: अडेल, बुजऱ्या घोड्यासाठी कितपत उपयोगी?

घोड्याच्या तोंडात लोखंड न घालता त्याला जमिनीवरून शिकवता यावे, यासाठी गाठींची दोरीची म्होरकी (डोक्यावर चढवायचा साज) आणि तिला जोडलेला लांब दोर असा संच मिळतो. असा एक संच मी एका अडेल आणि तितक्याच बुजऱ्या घोड्यावर बराच काळ वापरत आहे. संच घेण्याजोगा आहे. मात्र वेष्टनावर त्याचे जे कौतुक छापले आहे, ते वाचून कोणी तो घेऊ नये. कोणताही हट्टी घोडा या म्होरकीने ताबडतोब ताब्यात येतो, असा तो दावा आहे. म्होरकी घोड्याला ताब्यात आणत नाही. हातातला दाब कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे ती त्याला साध्या पट्ट्याच्या म्होरकीपेक्षा स्पष्टपणे कळवते. तिचा सगळा उपयोग त्या संपण्यात आहे, आणि ते संपवणे सर्वस्वी धरणाऱ्याच्या हातात असते.

आधी वस्तूविषयी. म्होरकीची दोरी ६ मिलिमीटर जाडीची, घट्ट विणीची आणि पॉलिएस्टरची आहे. नाकावरच्या भागाला दोन्ही बाजूंनी एकेक गाठ आहे आणि संपूर्ण म्होरकीत धातूची एकही कडी नाही. लांब दोर सुमारे १४ मिलिमीटर जाड आणि साडेतीन मीटरांहून थोडा अधिक लांब असून त्याच्या टोकाला चामड्याची जीभ शिवलेली आहे. दोर हनुवटीखालच्या फाशाला थेट बांधलेला आहे, ही मला या संचातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली. जड पितळी हूक असलेले दोर पुष्कळ मिळतात. परंतु तो हूक चालताना हनुवटीवर आपटत राहतो आणि मुळातच बिथरलेल्या घोड्याला प्रत्येक पावलागणिक एक निरर्थक सूचना मिळत जाते. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणले जाते आणि पाणीही कमी धरते, त्यामुळे हात सैल सोडला की दोर आपल्या वजनाने लगेच खाली झुकतो. असा झुकलेला दोर घोड्याला लवकर ओळखता येतो.

दोरी बारीक असल्याने तेवढाच ओढा कमी जागेवर पडतो आणि तो तीव्र लागतो. रुंद पट्ट्यावर घोडा आरामात मान टाकून रेलू शकतो, तसे येथे त्याला जमत नाही. म्हणूनच ही म्होरकी सौम्य आहे हा समज चुकीचा आहे. तोंडात काही नाही म्हणजे वेदना नाही, असे मानून जो हिसके देईल, त्याच्या हातात ती चांगलीच कठोर ठरेल. नाकाच्या हाडाचे टोक पातळ असते आणि त्याच्या पुढे केवळ मऊ कूर्चा असते. गालावरून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा कातडीच्या अगदी खालून जातात. नाकावरची दोरी गालफडाच्या उंच कडेच्या खाली दोन-तीन बोटे असावी. ती त्याहून खाली घसरली तर दाब चुकीच्या जागी पडतो आणि श्वासालाही अडथळा होतो. संचासोबतच्या माहितीपत्रकात याचे चित्र आहे, पण ते इतके लहान आहे की नवख्याला त्यातून काही उमगणार नाही. बांधण्याची गाठही त्यात नीट दाखवलेली नाही. दोरीचे टोक डाव्या गालावरच्या फाशातून वर काढून फाशाच्या खालच्या बाजूने गुंडाळावे, आणि उरलेले शेपूट डोळ्याकडे न ठेवता मानेकडे वळवावे. गाठ फाशाच्या वर बांधली तर ओढ बसताच ती खाली सरकून आवळते आणि ऐन घाईत सुटत नाही.

ज्या घोड्यावर मी हा संच वापरतो, त्याचा अडेलपणा ठरावीक जागी दिसतो. आवाराच्या दारापाशी आला की तो मान उंच करतो, चारही पाय रोवतो आणि जागचा हलत नाही. टाच मारली किंवा पुढून ओढले की गर्रकन मागे वळून उधळतो. पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण रोवलेले पाय आणि उधळणे ही बहुधा एकाच भीतीची दोन रूपे असतात. कळपात राहून पळून जीव वाचवणारा हा प्राणी धोका दिसताच आधी थिजतो, निरखतो आणि मग पळतो. त्याला स्वतःभोवतीचे सुमारे ३५० अंश दिसतात. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा समोरचा पट्टा त्या मानाने अरुंद असतो, आणि कपाळासमोर व शेपटीमागे त्याला काहीच दिसत नाही. समोरची वस्तू नीट पाहण्यासाठी त्याला मान हलवावी लागते. अशा वेळी तोंड आवळून धरले तर त्याचे पाहणेच बंद होते, आणि ज्याला हट्ट म्हणून शिक्षा होते तो नेमका पाहण्याचा प्रयत्न असतो.

म्होरकी आणण्यापूर्वी पशुवैद्याला बोलावणे अधिक गरजेचे आहे. दाढांच्या धारदार कडा, पाठीला बोचणारे खोगीर, जठरातील व्रण किंवा दुखरा खूर यांपैकी काहीही असेल, तर घोडा अडतो आणि बुजतोही. दुखण्यावर शिक्षणाचा इलाज करणे हा त्या जनावरावर अन्याय आहे. विश्रांतीच्या वेळी प्रौढ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. शांत उभ्या दिसणाऱ्या घोड्याचे ठोके याहून बरेच वाढलेले आढळले, तर तो शांत नसून थिजलेला असू शकतो.

या तपासण्यांतून काही निघाले नाही, म्हणजे मग संचाचे काम सुरू होते. पहिला धडा डोके खाली आणण्याचा. हनुवटीखाली दोरावर हलका, स्थिर भार ठेवायचा, तो वाढवायचा नाही आणि झटकाही द्यायचा नाही. घोड्याने मान बोटभर जरी खाली केली, तरी त्याच क्षणी हात पूर्ण उघडायचा. येथे ही म्होरकी आपली किंमत वसूल करते. पट्ट्याच्या म्होरकीत दाब गेला आहे की थोडा उरला आहे हे घोड्याला नीट कळत नाही; येथे दोरी नाकावरून लगेच उचलली जाते आणि उत्तर बरोबर होते हे त्याला तत्काळ समजते. सोडायला उशीर झाला तर तेवढ्या अवधीत घोड्याने दुसरेच काही केलेले असते, आणि मग नेमके तेच तो शिकतो.

यानंतर मागचे पाय बाजूला टाकायला शिकवावे. दोर हलकेच बाजूला घेऊन त्याच्या कुशीकडे पाहत चालू लागले की घोडा मान वळवून मागचा आतला पाय बाहेरच्या पायापुढून टाकतो. पाय असे एकमेकांना ओलांडत असताना त्याला जोराने पुढे झेप घेता येत नाही. पुढे रपेटीच्या वेळी तो उधळू लागला, तर एका बाजूच्या लगामाने त्याला थांबवण्याचा पाया येथेच घातला जातो. दोर लांब असल्याने आपण लाथेच्या टप्प्याबाहेर राहतो, आणि घोड्याला दचकून बाजूला उडी मारायला जागाही मिळते. आखूड दोराने धरलेला बुजरा घोडा दचकला की त्याला हिसका बसतो, आणि वस्तू भीतीदायक होती याची जणू खात्रीच त्याला मिळते. पण लांब दोर मिळाला म्हणून या म्होरकीवर तासन्‌तास कावा देत, म्हणजे घोड्याला गोल फिरवत, राहू नये. सतत गोल फिरण्याने सांध्यांवर ताण येतो, आणि दमलेला घोडा शांत झाल्याचा केवळ भास होतो.

फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या कापडाची सवय करताना कापड किती दूर आहे यावर सारे अवलंबून असते. घोड्याचे कान कापडाकडे लागलेले आहेत, पण तो अजून एखादे पाऊल टाकू शकतो, अशा अंतरावर थांबावे. त्याने मान सैल केली की त्याला कापडापासून दूर न्यावे. कारण दूर जाणे हेच त्याला हवे असते आणि तेच त्याचे खरे बक्षीस असते. डावीकडून मान्य झालेली वस्तू उजवीकडून पुन्हा नवी वाटू शकते, म्हणून दोन्ही बाजूंनी सराव करावा लागतो. दोर घट्ट धरून कापड अंगावर टाकत राहणे आणि तो हलायचा थांबला की शिकला असे म्हणणे, हा प्रकार मी पाहिलेला आहे. घोडा तेथे शरण जातो, भीती तशीच राहते, आणि ती पुढे स्वार पाठीवर असताना बाहेर येते. ओठ चाटले की घोड्याला समजले, असे माहितीपत्रकात छापले आहे, तेही सरसकट खरे नाही. ताण ओसरतानाही घोडा चाटतो-चघळतो, आणि तो ताण कदाचित आपणच दिलेला असतो.

स्वारीसाठी मात्र मी ही म्होरकी सुचवणार नाही. दोराचे दोन लगाम करून हनुवटीखालच्या गाठीला बांधता येतात, आणि बंदिस्त रिंगणात चालीच्या गतीने तेवढे पुरतेही; परंतु एका बाजूला ओढ बसली की संपूर्ण म्होरकी फिरते आणि गालावरची दोरी डोळ्याजवळ जाते. डावी-उजवी सूचना एकमेकींत मिसळतात. स्वारीला नाकाच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला बिनकडियाळी (तोंडात लोखंड नसलेला) लगाम किंवा बेताच्या हातातला साधा नेहमीचा लगाम अधिक स्पष्ट असतो. जमिनीवर शिकलेले पाठीवर बसल्यावर आपोआप उमटत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. पाठीवरचे वजन, पायांचा दाब आणि खोगिराचा आवळलेला पट्टा या घोड्यासाठी नव्या गोष्टी आहेत. माझ्या घोड्याच्या बाबतीत दारापर्यंतचे अंतर आधी सोबत चालून, नंतर स्वार होऊन, पुन्हा पहिल्यापासून तोडावे लागले. आता तो दारापाशी थांबतो, पाहतो आणि बहुतेक वेळा चालू लागतो. वाऱ्याच्या दिवशी अजूनही अडतो, आणि तेव्हा मी उतरून त्याच्यासोबत चालतो.

या म्होरकीने घोडा बांधून ठेवणे ही गंभीर चूक ठरेल, आणि वेष्टनावर त्याविषयी एक शब्दही नाही. ही दोरी तुटत नाही. घाबरलेला घोडा मागे रेटू लागला की ती कानांमागच्या माथ्यात आणि नाकात रुतते, वेदनेने तो आणखी रेटतो, आणि मानेला कायमची इजा होऊ शकते. बांधायला चामड्याची किंवा ताण येताच सुटणारी म्होरकी वापरावी. चरायला सोडताना आणि गाडीतून नेताना तर ही काढलेलीच बरी. ज्याने आजवर घोडा हाताळलेलाच नाही, त्यानेही अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय ही हाती घेऊ नये.

टिकाऊपणाबद्दल तक्रार एकच आहे: हनुवटीखालचा फास दोराच्या घर्षणाने इतर भागांच्या आधी विरतो, आणि तेथे दोरी दुहेरी असती तर बरे झाले असते. घाम आणि माती सुकून दोरी खरखरीत होते व केस घासले जातात, म्हणून ती साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी; ओली असताना नाकावरच्या गाठी सरकत नाहीत ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.